काजव्यांसाठी फॅमिली कॅम्पिंग आणि मध्येच आलेला वळीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारदऱ्याला टेंट टाकून राहायला गेलो आणि संध्याकाळी वळवाने झोडपून काढलं, ही बातमी नातेवाईक, सोसायटी, ऑफिस सगळीकडे फिरली आणि तेव्हापासून रोज कोणीतरी तेच तेच विचारतंय. त्यातल्या निम्म्या लोकांना पुढच्या वर्षी स्वतः जायचंय. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय, आता कोणी विचारलं की हेच पाठवणार.

नक्की झालं काय होतं?

आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची पोरं आणि आम्ही तिघं, पाण्याच्या काठाला एका शेतात टेंट. दुपारभर नुसतं उकडत होतं, झाडाचं पानही हलत नव्हतं, चार-साडेचारला पूर्वेकडून काळं भरून आलं, मग एकदम गार वारा सुटला आणि बघता बघता धूळ, पाला, कोणाची तरी प्लास्टिकची खुर्ची, वाळत घातलेला टॉवेल असं सगळं हवेत. पहिला टपोरा थेंब पडायच्या आत आम्ही सगळे गाड्यांमध्ये बसलो होतो. कडकडाट थांबेपर्यंत तिथेच आणि मग रात्र शेतमालकांच्या घरी. एक टेंट फाटला, एकाची काठी मोडली, बाबांचा चष्मा कुठे गेला ते त्या चष्म्यालाच माहीत. माणसं सगळी धड.

पण मे-जूनमध्ये जायचंच कशाला? डिसेंबरमध्ये जा ना.

डिसेंबरमध्ये काजवे कुठून आणणार? काजवे दिसतात ते साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे वळवाच्या सरी पडायला लागल्या की दिसायला लागतात आणि पाऊस लागून राहिला की कमी होतात. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची सगळीकडे हाच हिशोब. म्हणजे काजव्यांचा सीझन आणि विजांचा सीझन एकच आहे, यात सुटका नाही, तयारीनेच जायचं. नुसतं टेंटमध्ये राहायची हौस असेल तर मात्र खरंच डिसेंबर-जानेवारीत जा, थंडी वाजेल पण डोक्यावर वीज नसेल.

पाऊस तो पाऊस, वळवाचं एवढं काय कौतुक?

मान्सूनचा पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो, दिवसदिवस पडत राहतो, त्यात कडकडाट त्यामानाने कमी. वळवाचं उलटं. दिवसभर जमीन तापते, दमट हवा वर चढते, तिचे उंचच्या उंच ढग होतात आणि दुपारनंतर ते फुटतात, आपल्याकडे बहुतेक वेळा पूर्वेकडून चाल करून येतात. पाऊस तास-दीड तासच, पण त्यात वारा, वीज, कधीकधी गारासुद्धा. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे सकाळ एकदम लख्ख असते. कॅम्पवर चेक-इन करायची वेळ दुपारी तीन-चार आणि ढग फुटायची वेळही तीच, त्यामुळे लोक सामान लावत असतानाच गाठले जातात.

आणि मान्सूनच लवकर आला तर? मुंबईत तो साधारण ११ जूनला येतो, पण २०२५ ला २६ मे रोजीच येऊन बसला होता. तारीख बघून बुकिंग करणाऱ्यांची त्या वर्षी भलतीच पंचाईत झाली असणार.

यलो अलर्ट असेल तर कॅन्सल करायचं का?

आधी अलर्ट कसला आणि कुठला आहे ते वाचा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. हा अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि अहिल्यानगर हा राज्यातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा, भंडारदरा त्याच्या पार पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात आणि जामखेड दुसऱ्या टोकाला. त्यामुळे यलो अलर्ट आहे आणि टेंटवर थेंब पडला नाही असंही होतं आणि ‘बघ, काहीच झालं नाही’ म्हणून पुढच्या वेळी कोणी अलर्टकडे बघत नाही.

माझा स्वतःचा नियम सांगते. ऑरेंज किंवा रेड असेल तर टेंट नाहीच, घरात किंवा हॉटेलात राहायचं नाहीतर तारीख बदलायची. मेघगर्जनेसह पावसाचा यलो असेल तर जायचं, पण पक्क्या आडोशाची सोय आधी बघून ठेवायची आणि दुपारी दोननंतर आकाशावर एक माणूस नेमायचा. आमच्याकडे हे काम बाबांचं, त्यांना तसंही दुसरं काही करायचं नसतं.

एक फालतू वाटणारी पण कामाची गोष्ट, ॲपमध्ये अकोले शोधताना विदर्भातलं अकोला लागत नाही ना ते बघा. आमच्या ग्रुपवर एकाने ‘४४ डिग्री, कोरडं हवामान’ असा स्क्रीनशॉट टाकून सगळ्यांना निश्चिंत केलं होतं.

कुठलं ॲप चांगलं?

विजेसाठी दामिनी. पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे पाषाणच्या त्या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय, आपल्या आजूबाजूला २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर दाखवतं. हवामान खात्याचं मौसम ॲप आणि त्यांचा पुढच्या तीन तासांचा अंदाज असतो तोही बघा, टेंटवाल्यांसाठी सात दिवसांच्या अंदाजापेक्षा तो तीन तासांचाच खरा उपयोगाचा. पण एक आहे, धरणाच्या मागच्या बाजूच्या गावांत नेटवर्क आलं तर आलं. ॲपच्या भरवशावर बसू नका.

नेटवर्क नसेल तर मग कळणार कसं?

डोळे आणि कान. दुपारी सोसवेना असं उकडतंय, वारा पडलाय, डोंगरामागे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग वर वर चढतायत, ही पहिली खूण. त्यांचा तळ काळा पडायला लागला ही दुसरी. आणि अचानक गार वारा सुटला की समजायचं हातात फार थोडा वेळ आहे, कारण तो वारा ढगातूनच खाली कोसळलेला असतो, पाऊस त्याच्या मागोमाग येतोच. लोक त्या गार वाऱ्यात हात पसरून रील काढत बसतात, खरं तर ती गाडीकडे चालायला लागायची वेळ आहे.

गडगडाट ऐकू आला की मोजायचं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत जितके सेकंद त्याला तीनने भागलं की किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, तेवढ्या अंतरावरून पुढची वीज तुमच्याजवळही पडू शकते. आमच्या पोरांनी गाडीत बसून हेच केलं, एक गणपती, दोन गणपती असं मोजत, आणि आकडा नऊवरून चारवर आला तेव्हा पुतण्याची बडबड पहिल्यांदा बंद झाली. बाहेर पडायचं ते शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून. पाऊस थांबला म्हणून नाही, गडगडाट थांबून अर्धा तास झाला म्हणून. हे लक्षात ठेवा, कारण पाऊस थांबल्याबरोबर सगळे भजी तळायला बाहेर येतात.

टेंट वॉटरप्रूफ होता ना मग आत का नाही बसलात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर एकच आहे, वॉटरप्रूफचा आणि विजेचा काही संबंध नाही. टेंट म्हणजे कापड आणि काठ्या. काठ्या फायबरच्या असोत की ॲल्युमिनियमच्या, वीज आली तर तुम्ही उघड्यावरच आहात. शिवाय खाली जमीन ओली, म्हणजे जवळपास कुठे पडली तरी जमिनीतून करंट येतो. विजा असतील तर टेंट सोडायचा. यावर घरात मतदान घेऊ नका. आमची आई म्हणत होती ‘अगं एवढं सामान आहे आत, कोणीतरी थांबू दे’, तिला अक्षरशः हाताला धरून नेली.

शिवाय कॅम्पवर जे टेंट मिळतात ते बरेचदा साधे, एका पदराचे असतात. वरून दुसरं कव्हर नसेल तर आतून बोट लागलं तरी तिथून पाणी झिरपायला लागतं. सरीपुरतं ठीक, वादळात नाही.

गाडी सेफ कशी? ती तर लोखंडाची.

म्हणूनच सेफ. वीज गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते, आतली माणसं वाचतात. टायर रबराचे म्हणून वाचतो असं सगळे सांगतात, त्याचा काही संबंध नाही. अट एवढीच की वर पक्कं पत्र्याचं छप्पर हवं, काचा पूर्ण बंद आणि आत धातूच्या कशाला टेकायचं नाही, चार्जरला लावलेला फोन हातात धरायचा नाही. जीपचं कापडी हूड, रिक्षा, बाईक यात हे काही चालत नाही. आणि गाडी झाडाखाली लावलेली नसावी, विजेपेक्षा फांदीचीच भीती जास्त. आम्ही गाड्या मुद्दाम मोकळ्यावर, तोंड रस्त्याकडे करून लावल्या होत्या. दुपारी त्यावरून दादाने मला ‘सावलीत लाव की, भट्टी होईल आत’ म्हणून ऐकवलं होतं, संध्याकाळी तोच सगळ्यात आधी चढला.

कौलारू घर की गाडी असा प्रश्न असेल तर विजा चालू असताना गाडी. वायरिंग, नळ असलेलं पक्कं बांधकाम असेल तर घर, पण नळ, स्विच, भिंती यांच्यापासून लांब. पत्र्याची उघडी शेड, धाबा, मंडप, बाथरूमचे ते ताडपत्रीचे खोके, यातलं काहीच नाही.

आणि काहीच जवळ नसेल तर?

एकट्या उंच झाडाखाली अजिबात नाही. पाण्यातून, काठावरून, टेकाडावरून, तारांच्या कुंपणाजवळून लांब व्हा. घोळक्याने उभं राहू नका, पांगा. अगदीच नाइलाज असेल तर पाय जुळवून, उकिडवं, डोकं गुडघ्यात, कानावर हात. आडवं मात्र पडायचं नाही, जमिनीतला करंट अंगाच्या जितक्या जागेतून जाईल तितकं वाईट. झाडाखाली उभी गुरं विजेने जातात त्यामागे हेही एक कारण, पुढचे-मागचे पाय लांब लांब असतात. पण हे उकिडवं बसणं म्हणजे काही संरक्षण नव्हे, दुसरं काही उरलेलं नसताना करायची गोष्ट आहे. रबरी चपलांनी काही होत नाही. मोबाईल वीज ओढतो हेही खोटं.

टेंट कुठे लावायला हवा होता?

पाण्याला चिकटून नाही, कॅम्पवाल्याने ‘लेक टच’ म्हटलं तरी. खोलगट जागा, ओढ्याची कोरडी वाट, सुकलेल्या फांद्यांचं झाड आणि मोठा बांध फुटेल अशी जागा टाळायची. थोडी उताराची, पण टेकाडाच्या माथ्यावरची नव्हे. खाली अंथरायची ताडपत्री टेंटच्या बाहेर आलेली नको, नाहीतर ती वरचं पाणी गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते, आमच्या शेजारच्या टेंटमध्ये हेच झालं, गाद्या तरंगायच्या बाकी होत्या. खुंट्या सरळ ठोकू नका, टेंटच्या उलट्या दिशेला कललेल्या ठोका आणि चारही दोऱ्या ताणा, त्या शोभेच्या नसतात.

वारा सुटल्यावर टेंट वाचवायचा कसा?

वेळ असेल तर काठ्या काढून टेंट जमिनीवर पाडा आणि वर दगड ठेवा, सगळ्यात सोपं. गडगडाट सुरू झाला असेल तर सोडून द्या, तीन-चार हजाराचा टेंट आहे.

टेंटच्या आत शेगडी ठेवली तर ऊब येते का?

नको, नको, नको. हे मी खास लिहितेय कारण पाऊस आला की बार्बेक्यूची शेगडी उचलून आत किंवा टेंटच्या दारात नेणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठत नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी हेच. गॅसची शेगडीसुद्धा बंद टेंटमध्ये नाही.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना हे करावं का?

करावं, पण त्यांच्या हिशोबाने. भिजलं आणि वारा लागला की लहान मूल मे महिन्यातही कुडकुडतं, वादळानंतर तापमान एकदम उतरतं. म्हणून प्रत्येकाचे कोरडे कपडे, एक स्वेटर, मोजे असं जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ती पिशवी टेंटमध्ये नाही, गाडीत. आई-बाबांच्या बीपीच्या गोळ्याही गाडीतच. ओली जीन्स ताबडतोब उतरवायची, ती रात्रभर वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते.

पोरं घाबरली की त्यांना काम द्या. एकाला सेकंद मोजायला बसवलं, एकीच्या हातात टॉर्च दिली, धाकट्याला खाऊच्या डब्याचा मॅनेजर केला. ‘काही नाही होत, घाबरू नको’ याचा शून्य उपयोग होतो, कारण काहीतरी होतंय हे त्यांना दिसतच असतं.

मग रात्री परत का नाही निघालात?

कारण वादळ होऊन गेल्यावरचा रस्ता वादळाइतकाच वाईट असतो. आडवी झाडं, तुटलेल्या तारा, लाईट गेलेली, आणि मुंबईकडे यायचं म्हणजे घोटीपर्यंतचा रस्ता आणि पुढे कसारा घाट. तार पडलेली दिसली तर ती बंदच असेल असं धरू नका, गाडी लांब थांबवा. पोटात अन्न नाही, पोरं पेंगलेली, ड्रायव्हर दमलेला, अशा वेळी निघण्यापेक्षा गावात थांबलेलं बरं.

आम्हाला तर थांबा म्हणावंच लागलं नाही. कडकडाट लांब गेल्यावर शेतमालकांच्या घरच्या मावशी बॅटरी घेऊन गाडीपाशी आल्या, काचेवर टकटक, ‘पोरांला आधी आत घ्या, सामान ऱ्हाऊ द्या तिकडं.’ लाईट नव्हती, चुलीच्या उजेडात पिठलं, तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चुलीवरचाच काळा चहा, धुराने डोळे चुरचुरतायत पण एकही पोरगं उठायला तयार नाही. एरवी घरी भाकरीला नाक मुरडणारी माझी लेक दोन भाकऱ्या खाऊन तिसरी मागत होती. पैशाचं काय असं हळूच विचारलं तर मावशी म्हणाल्या, ‘जेवणाचं द्या, झोपायचं काय घ्यायचं?’ आम्ही सगळ्याचे दिले, तुम्हीही द्या. त्यांच्याही कौलांचं नुकसान झालेलं असतं.

काजवे दिसले का शेवटी?

दिसले! पाऊस आणि वारा असताना नाही, पण सगळं शांत झाल्यावर, अकरा वाजून गेले असतील, घरामागच्या हिरड्यावर आधी तुरळक, मग अख्खं झाड. सगळं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. नर मादीला खुणावत असतो, त्यात आपण टॉर्च मारली की त्यांचा सगळा कारभार बिघडतो. म्हणून फ्लॅश नाही, झाडावर टॉर्च नाही, गाडीचे दिवे नाहीत, आणि बाटलीत भरून तर अजिबात नाही. अभयारण्यात रात्री शिरायचे वनखात्याचे नियम असतात, वेळा असतात, ते जायच्या आधी तपासून घ्या.

साप-विंचवाचं काय?

पावसानंतर बाहेर येतातच, त्यांच्याही बिळात पाणी जातं. टेंटची चेन कायम बंद, बूट घालायच्या आधी झटकायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली तर कधीकधी कळतही नाही, म्हणून सकाळी कोणाच्या पापण्या जड झाल्या, बोलणं जड झालं, पोटात दुखतंय असं झालं तर ‘जागरण झालंय’ म्हणून सोडू नका, सरळ सरकारी दवाखाना. घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. १०८ ला फोन करा, पण गाडी असेल तर वाट बघत बसू नका, निघा.

कोणाला वीज लागली तर हात लावायचा की नाही?

लगेच लावायचा. अंगात करंट राहत नाही. स्वतः सुरक्षित आहात एवढं बघा आणि श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात, मदत येईपर्यंत. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा, किंवा ११२. बरेच जण पडले असतील तर जो निपचित आहे त्याच्याकडे आधी, ओरडणारा निदान श्वास घेतोय. कुठेकुठे शेणात पुरून ठेवतात म्हणे, तो वेळ जीवाशी खेळणारा आहे.

सकाळी एवढं छान ऊन होतं, धबधब्यावर गेलात का?

लांबून बघितला. डोंगरावर रात्री किती पडलंय, अजून पडतंय का हे खालून कळत नाही आणि ओढ्याचं पाणी वाढतं ते पाच मिनिटांत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तीही पाण्यात उभं राहिलेली, पोहायला उतरलेली नव्हती. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की लगेच बाहेर.

पैसे परत मिळाले का?

कॅम्पवाल्याने आधी ‘नॉन रिफंडेबल आहे मॅडम’ सांगितलं, मग बरीच फोनाफोनी झाल्यावर तारीख बदलून द्यायला तयार झाला. म्हणून बुकिंगच्या आधीच मेसेजवर लिहून घ्या : अलर्ट आला तर तारीख बदलून मिळेल का, विजा सुरू झाल्या तर सगळ्यांना कुठे नेणार, ती जागा पक्की आहे का, रात्री जागेवर कोण असतं, जवळचा दवाखाना कोणता. दुसऱ्या प्रश्नावर ‘काही होत नाही हो, आपल्याकडे कधीच झालं नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा कॅम्प बघा. स्वस्त-महाग यावर जाऊ नका, आमच्या बाजूचा आमच्यापेक्षा महाग होता आणि त्यांच्याकडे आडोसा म्हणून डीजेचा मंडप होता.

ओला टेंट घरी आणून काय करायचं?

डिकीत तसाच ठेवू नका, दोन दिवसांत कुबट वास आणि काळे ठिपके, ते परत जात नाहीत. साध्या पाण्याने चिखल धुवा, मशीनमध्ये नाही, आणि गच्चीत सावलीत पूर्ण वाळवा. गच्ची नसेल तर हॉलमध्ये पंख्याखाली पसरा, सासूबाई दोन दिवस बोलतील. काठी मोडली असेल तर अख्खा टेंट टाकायची गरज नाही, ट्रेकिंगच्या दुकानात सुट्टी काठी मिळते, आमची तशीच बदलून आणली.